सही कोणाची

तळेऱ्याच्या स्टँडवर देवगड गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर त्याच गाडीसाठी थांबलेले बाप-लेक होते. मुलीच्या मांडीवर परदेशातल्या मेडिकल कॉलेजचा अर्ज होता.

“माका मार्क कमी आसत, बाबा. म्हणान ते विचारतत, आजाऱ्याची सेवा केलंस काय. आजयेचा लिवलंय.”

“ता कित्याक? ता घरचा काम.”

“तीन वर्सां तिच्या पायाची जखम मीच धुतलंय.”

“त्यापेक्षा तुका धाडूक देवान उजवो कौल दिल्यान, ता आदी लिव.”

“कौल थंय चलना नाय. डॉक्टराची सही होयी.”

“खंयच्या डॉक्टराची?”

“जो आजयेक तपासूक घराक इलो, त्याची.”

“आपल्या घराक डॉक्टर कधी इलो गो?”

“नाय इलो. म्हणानच मी धुयत होतंय.”

गाडी लागली. बाप उठला नाही.

“मगे ताच लिव.”