कंटाळा नव्हता

ताई : अरे, रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर काय बसलास? डॉक्टर काय म्हणाल्या?

ड्रमर : ताई, बाबांचा तो कंपवात नाहीये मला.

ताई : नक्की?

ड्रमर : तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर बाई चिडल्या. कोपरात नस दबलीये म्हणे. म्हणून करंगळी बधिर होते, हात थरथरतो. छोटं ऑपरेशन, तीन महिने विश्रांती, मग हळूहळू वाजवा.

ताई : हुश्श! मला तर वाटलं होतं... जाऊ दे. रडतोस काय वेड्या, साठीला आलास.

ड्रमर : बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली गं, आणि शेवटी त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. चालू कार्यक्रमात माझ्या हातातून काठी सुटली ना, तेव्हा समोर पाच हजार माणसं होती. मला फक्त ते बटण दिसत होतं.

ताई : तुझं हेवी मेटल म्हणजे भांड्यांचं दुकान कोसळलं, म्हणायचे बाबा.

ड्रमर : एकदा आले होते पण. कानात कापूस कोंबून, शेवटच्या रांगेत. घरी येऊन म्हणाले, "आवाज असह्य आहे. पण ठोका एकही चुकला नाही."

ताई : हे मला कधी बोलला नाहीस!

ड्रमर : ते वाक्य माझ्यापुरतंच जपून ठेवलं होतं. आज पहिल्यांदा सांगतोय.

ताई : बरं, बँडला काय सांगितलं होतंस?

ड्रमर : "कंटाळा आला, सोडतो." चौतीस वर्षांनी! गायक तडक उठून गेला. दीड महिना अवाक्षर नाही.

ताई : खरं सांगायला काय झालं होतं?

ड्रमर : त्यांची कीव नको होती मला.

ताई : लाव फोन त्याला. आत्ता, माझ्यासमोर.

(तो फोन लावतो. आवाज ताईलाही ऐकू जाईल असा ठेवतो.)

गायक : बोला. गेला वाटतं कंटाळा?

ड्रमर : कंटाळा नव्हता रे. हात थरथरत होता. बाबांसारखं होणार म्हणून घाबरून पळालो. आज कळलं, नुसती नस दबलीये. बरा होईन.

गायक : ...गाढवा.

ड्रमर : हो.

गायक : मी घरी काय सांगत बसलोय माहितीये? माझा आवाज गेला, म्हणून हा सोडून चालला.

ड्रमर : तुझ्या आवाजाला काय झालं?

गायक : तिसऱ्या गाण्यानंतर वरचे सूर लागतच नाहीत. तुझ्या लक्षात आलं असणार, असं धरून चाललो होतो.

ड्रमर : अरे, ड्रमच्या मागे मला तुझं काय ऐकू येणार! तुझ्या गाण्यांचे शब्दसुद्धा मला धड माहीत नाहीत.

ताई : अगं बाई! एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!

गायक : ताई आहेत का? ताई, याला घरी न्या, पोटभर जेवू घाला. तीन महिने मीही तोंड बंद ठेवतो.

ताई : तुझं तोंड बंद? बघूच.

ड्रमर : आणि तीन महिन्यांनंतर?

गायक : नंतर जरा सावकाश वाजवू. कोणाला कळणार आहे?

ड्रमर : मला कळेल.

गायक : मलाही. पण चालेल रे.