बेटावरचा हेंडगा

माझं माहेर झरीचं, अन् दिलं मला हितं राणीसावरगावाकडं. माहेरी येळआमुशाच्या सणाचं एवढं काई न्हवतं ताई, हितं आले तवा सासूनं शिकिवलं, शेतात कडब्याची कोप, मंजे खोपी, करायची, आंबील-भज्जी खायची अन् दिवस बुडताना घरच्या पोरानं कडब्याची पेंडी पेटवून धुऱ्या-धुऱ्यानं, बांधाबांधानं पळायचं, त्याला हेंडगा म्हणत्यात. इडापिडा जाती त्यानं. आमचा दत्ता लय पळायचा.

पुढं तेव वेल्डिंग शिकला अन् ठेकेदारासंगं गेला समुद्रापल्याड, कुठल्याशा बेटावर. बेट दुसऱ्याचं, अन् इमानाची धावपट्टी आपला देस बांधायलाय. म्या इचारलं, आरं आपला मुलूख सोडून तिकडं कशाला, तर मनला, माय, हिकडून चीनच्या बोटी फिरायल्यात, त्यांच्यावर नजर ठिवायला. मंजे भावकीच की, दोघं धुऱ्यावर टपून बसलेले. बेटाचं नाव सांगायचं न्हाई असा वरून हुकूम, म्या बी कदी इचारलं न्हाई.

मागल्या येळआमुशाला त्याला काय सुचलं, काय सांगू तुमाला. गंगाखेडकडले दोघं संगं व्हते, तिघांनी नारळाच्या झावळ्यांची कोप केली, वरण-भात खाल्ला अन् दिवस बुडताना झावळी पेटवून दत्ता पळाला की धावपट्टीच्या कडंकडंनं. नेमकी त्याच दिवशी चीनची एक बोट लांब उभी. आपल्याच शिपायांनी धरलं, बोटीला खूण करायलास का मने. तेव सांगायलाय, साहेब, आमची येळआमुशा हाय, शेताला हेंडगा दावायलोय. साहेब मनले, हितं कुठंय तुझं शेत?

त्या दोघांला सोडलं, त्यांनीच येऊन सांगितलं हे. दत्ताला चौकशीला ठिवलं, कुठं ते कुणी सांगंना. आमचे मालक, दत्ताचे वडील, ठेकेदाराकडं खेटे घालून बेजार झाले. मग दोन साहेब आमच्याच शेतात आले, हे कशापायी पेटवता, कुणी शिकिवलं, सगळं इचारलं. म्या मनलं, सासूनं शिकिवलं, ती वारली.

औंदा समद्या शिवारात हेंडगे पळायले व्हते, आमचंच रान अंधारात. मालक मनले, नको, कुणी बघितलं तर पोराला आणखी जड जाईल. आपल्याच रानात इस्तू लावायचं भ्या वाटायलंय ताई. पेंडी म्या बांधली व्हती, ती तशीच घरात आणून ठिवलीया. म्हैस तिच्याकडं बघून वरडती, पर म्या घालीत न्हाई. ती दत्ताची हाय. देव त्याला आसल तिथं सुखात ठिवो.