पारीवरची धायटी

लाखांदूरच्या एसटीत घनश्याम खिडकीशी बसला होता. शेजारी डोळे गेलेली एक म्हातारी होती, अन् तिची लेक रंभा.

“रंभे, बोडीची पार आली काय?”

“आली, माय.”

“धायटीचं झुडूप फुललं?”

“लालेलाल! पानं फुलांत दिसूनच नाही राहिली.”

“आम्ही पोरी ढोरं चारता चारता थे फुलं चोखत होतो. मधाच्या माश्या तं किती! मंग आज माश्या काहून नाही बोलून राहिल्या?”

म्हातारी घनश्यामकडे वळली.

“बाबू, खिडकीपाशी तू बसला न? तू सांग.”

घनश्यामनं बाहेर पाहिलं. छोट्या तळ्याच्या मातीच्या बांधावर, त्या बोडीच्या पारीवर, नुसता मुरूम उघडा पडला होता.

“लाल हाये, आजी. गाडीच्या आवाजानं माश्या उडाल्या.”

म्हातारी हसली.

“तूबी हिच्यासारखाच निघाला! बरं, सांग अजून. कितीक लाल हाये?”