चकचकीत गोळे

बसा बाई, उभं राहून माझ्यावर काही उपकार होणार नाहीत. आणि ती किल्ली ठेवा पर्समध्ये — कोठाराचं कुलूप माझ्या जवानांनी सकाळीच तोडलं. हो, तोडलं. कर्नलला किल्लीसाठी हेलपाटे घालायला लावायचे, हे कुठल्या विज्ञानात बसतं? तुम्हाला तोफगोळे बनवायला सांगितले, तर तुम्ही ते बर्फाच्या पेटीत ठेवत बसलात — आइस्क्रीम आहे का ते? पुन्हा तेच! थंडीत आतली कडी ठिसूळ होते, गोळा तोफेच्या नळीतच फुटतो — पाठ झालंय मला. मग परवा चाचणीत एकही का नाही फुटला? रात्रभर उघड्यावर ठेवा म्हणालात, ठेवले. गोळे एकामागून एक बरोबर टेकडीवर पडले, मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुमचा चेहरा असा, जसं घरचं कुणी गेलंय.

गोळे घेऊन गाड्या पोचल्यासुद्धा खिंडीतल्या चौकीवर. तिथल्या तोफा माझ्या धाकट्या भावाच्या ताब्यात आहेत. रोज फोनवर एकच — दादा, गोळे धाड. तुमच्या शंका फिटेपर्यंत त्यानं काय दगड भिरकावायचे?

काय? उघड्यावरच होते, सांगितलं ना. सकाळी तेवढे आत घेतले — म्हणजे, दव गोठलं होतं हो त्यांच्यावर, पितळ कळकट दिसत होतं. मंत्र्यांच्या पाहणीला अशी वस्तू मांडतात? मीच म्हटलं, तंबूत न्या, पुसा, चकचकीत करा. स्टोव्ह पेटलेला होताच. किती वेळ म्हणजे — मंत्र्यांना उशीर झाला, मग चहा, मग भाषण… हाताला? कोमट. कोमट लागत होते.

असं बघू नका माझ्याकडे. तेव्हाच विचारायचं होतं की — हो, माहीत आहे, मीच तुम्हाला दोरीपलीकडे उभं केलं होतं. खिंडीत किती थंडी असते ते मला सांगू नका. मला माहीत आहे. तो फोन सरकवा इकडे.

खिंडीची चौकी द्या. लवकर… धाकट्या? दादा बोलतोय. ते नवे गोळे — अरे, ऐक आधी. चमकतायत? हो, चमकतायत, मीच पुसून घेतले, पण ते वापरू नकोस. तोफ थांबव. कारण मग सांगतो, आधी थांबव म्हणतो ना — कुणी भरला? काढ तो बाहेर, काढ — धाकट्या?

धाकट्या?

बाई, तुम्ही जा आता. दार ओढून घ्या.