चार वाजता पाणी

...आणि वर मलाच विचारतात, तुमचं त्या मीडिया सेंटरमध्ये काम तरी काय असतं! अहो, काय असणार? पाणीपुरवठा खात्याचं मीडिया सेंटर ते! चोवीस खुर्च्या, सहा माइक, मागे धबधब्याचा हा एवढा फोटो, आणि मी. अकरा वर्षं पत्रकारांना एकच वाक्य देतेय... 'माहिती घेऊन कळवतो!' साहेबांनी घोटूनच घेतलंय. पाणी गढूळ का? माहिती घेऊन कळवतो. टाकी गळते का? माहिती घेऊन कळवतो!

तर त्या दिवशी फुटली मोठी पाइपलाइन. अर्धं शहर कोरडं! खुर्च्या भरल्या, माणसं दारापर्यंत, आणि साहेबांचा फोन, "बाई, 'तांत्रिक कारणास्तव' एवढंच वाचा आणि सुटा. जास्त बोललात तर उद्यापासून घरी बसा!" वाचलं. तर पुढची चष्मेवाली पत्रकार म्हणते कशी, "मॅडम, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, घरात तांब्याभर पाणी नाही. त्यांना काय पाजू, तुमचं पत्रक?"

तुम्हाला सांगते, तेवढ्यात दारात कोण? आमचे फिटरदादा! गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात पाना, दुसऱ्यात कागद, नव्या पाइपासाठी साहेबांची सही घ्यायला आलेले. म्हटलं, गेली नोकरी तर गेली! धरलं आणि बसवलं माइकसमोर.

"पाइप गंजलेला. दोनदा लिहून दिलं, बदलला नाही. चूक आमचीच. चार वाजता पाणी देतो... ही सही तेवढी मिळू द्या!"

सगळे कॅमेरे त्या कागदावर! आणि साहेब? टीव्हीवर बघून धावत आले हो, दारातच उभ्या उभ्या सही ठोकली!

पावणेचारपासून आम्ही सगळे नळाभोवती. चार वाजले... फुस्स... फुर्रर्र... आणि धो धो पाणी! टाळ्या पडल्या, अहो, मीडिया सेंटरमध्ये टाळ्या! दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, दादांचा शब्द न् शब्द! अकरा वर्षांत पहिल्यांदा! जिंकलो की नाही? साहेब म्हणाले, "कल्पना माझीच होती," आणि फिटरदादांनाच प्रवक्ता केलं. अंगावर कोट चढवला, दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं.

परवा पुन्हा पाणी गेलं. मी न्हाणीघरात, डोक्याला साबण. तसाच फोन लावला, "दादा, पाणी कधी?"

घसा खाकरला हो त्यांनी! "ताई... माहिती घेऊन कळवतो."

काय करता... पुसला साबण टॉवेलनं!