बिनकानाचा कप

कोरेगावच्या एस्टी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीसाठी रांग होती. माझ्या मागं दोन अनोळखी माणसं बोलत होती.

“आमचं नाथाजी मास्तर समतेपायी दोनदा तुरुंगात गेलं. पर खरं काम त्यांनी हाटेलात केलं, बगा.”

“हाटेलात?”

“मालक गावकुसाबाहेरच्या मानसांना कान तुटलेल्या कपात च्या द्यायचा.”

“व्हय, ते कप बाहेर कोनाड्यात ठेवत्यात.”

“तर एक दिस मालक जेवायला गेला. मास्तरांनी आतल्या चांगल्या कपांचं बी कान तोडलं आन् समदं कप एका जागी मिसळून ठेवलं!”

“आयला! मग?”

“मग काय, कंचा कप कुनाचा, वळखायचं कसं? आठ दिस समद्या गावाची बोटं पोळली. पाटील तर धोतराच्या सोग्यात कप धरायचं.”

“नवं कप आनलं आसतील की.”

“छ्या! मास्तरांच्या धास्तीनं ग्लास आनलं. ग्लासाला कानच नसतो.”

“लय ब्येस!”

“तुमच्या गावात कसलं कप हायत, पाव्हनं?”

“दोनी परकारचं.”

“आन् तुमाला कंचा मिळतो?”

“बिनकानाचा. मास्तरांचा पत्ता द्या की.”