तारीख चुकली
मी वडवणी तालुक्यातली. माजं नाव नका लिहू ताई, आन जेल कोणतं ते बी नका लिहू, अजून तिथंच जायचंय मला. माहेर बी ऊसतोडीचं, सासर बी तेच, लगीन झाल्यापासून मालकाच्या जोडीनं कोयता धरलाय, माजलगावकडं, फडात. पोटुशी होते तवा तपासणीत निघालं, एचआयव्ही, मला बी आन मालकाला बी. कुणापासून कुणाला ते आमी कवा काढलंच न्हाई. काढून काय करायचं. दवाखान्यानं तारीख दिली की जायचं, गोळ्या आणायच्या, रातच्याला जेवल्यावर मी त्यांना गोळी देणार, ते मला देणार. पोरगी चांगली निघाली, तिला काई न्हाई.

मग फडात मारामारी झाली, एक माणूस मेला. मालकानं मारलं का न्हाई ते कोर्ट बगंल, पर आत टाकलं त्यांना.

काय सांगू तुमाला, आत तारीख मनलं की कोर्टाचीच. मालक हवालदाराला मनायचे, साहेब, माजी तारीख हाय. तो मनायचा, तुजी तारीख लांब हाय बे, गप बस. आता बराकीतल्या माणसाम्होरं ह्यांनी कसं सांगावं कसली तारीख ते? सांगितलं की ताट येगळं, झोपायला संडासाजवळची जागा. एकाचं तसं केल्यालं ह्यांनी बगितलं होतं.

मुलाकतीला गेले तर जाळीपलीकडून मनले, तारीख चुकली. मला लगीच उमगलं. माज्या पिशवीत त्याच गोळ्या होत्या. गेटवरच्या साहेबाला मनलं, एवढ्या तरी द्या. मनला, बाहेरचं औषध चालत न्हाई. मी मनलं, सरकारनंच दिलंय साहेब. मनला, बाई, मला कायदा शिकवू नको. मग मी समदं उघडं सांगितलं, तवा तो मागं सरला आन मनला, डॉक्टरला कळवतो. कळवलं असंल. पर दवाखान्यात न्यायला पोलीस मिळना. गाडी हाय तर पोलीस न्हाई, पोलीस हाय तर त्यो बंदोबस्ताला. कोर्टाच्या तारखेला मात्र बराबर न्यायचे, तितं जज्ज रागावतो ना.

दवाखान्यात नेलं ते नजर जायला लागल्यावर. खाटंला बेडी, पोलीस दाराबाहेर खुर्ची टाकून. मालकाला लघवीला जायचं, मनले बेडी काढा, तर पोलीस नर्सला मनतो, तुमी काढा, तुमच्याकडं हातमोजे हायेत. ती मनली, चावी तुमची, कैदी तुमचा. दोघं भांडत राहिले आन मालकाची चादर भिजली. मी पदरानं पुसलं. डॉक्टरीनबाईनं पोलिसाला लई झापलं, पर मला मनल्या, गोळ्या तुटल्या, अंगातली ताकद गेली, त्यात डोळ्यात जंतू शिरला. एक गेलाय, दुसऱ्याचं बी खरं न्हाई.

दुसरा बी गेला. आता परत आत हायेत. आता गोळी टायमावर, हवालदार सोता हातावर ठेवतो, का तर वरून कागद आलाय. मुलाकतीला मालक जाळीला बोटं लावून इचारतेत, आलीस का. मी म्होरंच उभी असते.

जामीन मागितलाय. वकील मनतो, आंधळा माणूस हाय मनल्यावर मिळंल. म्हंजी पैशाच्या जागी डोळे भरून जामीन घ्यायचा, बगा.

सुटले तर माजाच हात धरून चालणार ते. म्हणून मी माजी गोळी चुकवत न्हाई. एकीचे तरी डोळे नीट राहू दे देवा, दोघाला पुरवू आमी.